मानाचे स्लायडर

आमच्या घरात हळू बोलणाऱ्या माणसाला आजारी समजतात. वडील रेल्वेच्या यार्डात होते. इंजिनाच्या ड्रायव्हरशी ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात आईकडे चहा मागायचे, आणि आईही त्याच आवाजात साखर संपल्याचं सांगायची. वर्ध्याकडून रायपूरला येऊन आमच्या घराला पन्नासेक वर्षं झाली. बोलण्यात हिंदी शिरली, छत्तीसगढी शिरली, पण आवाज तेवढा उतरला नाही. त्यात हे शहर असं की बारसं असो, लग्न असो, विसर्जन असो, धुमाल लागतोच. धुमाल म्हणजे मालवाहू गाडीवर रचलेले ढोल, ताशे, कीबोर्ड आणि माणसाच्या उंचीचे भोंगे. तो गल्लीतून गेला की आमच्या फळीवरचे डबे बोटभर पुढे सरकतात. तक्रार कोणी करत नाही. अर्धी गल्ली त्याच्यामागे नाचत जाते. अशा गावात मी एका खासगी शाळेत संगीत शिकवते आणि हळू वाजवणं हीसुद्धा कला आहे असं मुलांना वर्षानुवर्षं सांगते. मुलं ऐकून घेतात आणि ढोल बडवतात.

शाळेच्या बँडसाठी मी संगणकावर स्वरलेखन शिकले. पाच रेघांवर सूर मांडायचे, कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते एकाखाली एक लिहायचं, आणि बटण दाबलं की संगणक ते सगळं वाजवून दाखवतो. बासरीच्या जागी बासरीसारखं काहीतरी, व्हायोलिनच्या जागी व्हायोलिनसारखं. पेटीच्या जागी मात्र चर्चमध्ये कोणी गेल्यासारखं वाजतं, त्याला माझा इलाज नाही.

आवाज कमी-जास्त करायचे त्यात दोन मार्ग. पहिला म्हणजे सुरांखाली खुणा लिहायच्या. इंग्रजी पी लिहिला की हळू, दोन पी लिहिले की आणखी हळू, एफ लिहिला की जोरात. दुसरा मार्ग म्हणजे मिक्सर उघडायचा. त्यात प्रत्येक वाद्याचा एक उभा स्लायडर असतो. वर सरकवला की ते वाद्य पूर्ण गाणंभर मोठं, खाली ओढला की पूर्ण गाणंभर लहान. गाण्यात कुठे थांबून दुसऱ्याचं ऐकायचं ते खुणा सांगतात. स्लायडर फक्त कोण किती मोठा एवढंच सांगतो. आमच्या मंडळाला यातलं काय आवडलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मंडळ म्हणजे इथल्या मराठी लोकांचं. त्याचा सांस्कृतिक सचिव माझा मोठा भाऊ. मी वरच्या मजल्यावर एकटी राहते, खाली दादा आणि वहिनी. दादा सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये तीस वर्षं भट्टीच्या बाजूला आहे. तिथून घरी आला की टीव्ही पूर्ण आवाजात लावतो आणि त्याच्यावर आपण आणखी मोठ्याने बोलतो. माणसाला पद मिळालं की आवाज चढतो, आणि याला तर पद मिळण्याच्या आधीपासून चढलेला, असं मी मैत्रिणींना सांगत असे. त्या हसत आणि मला बरं वाटे.

गेल्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनासाठी समूहगान बसवायचं ठरलं. मंडळाचा जुना वाद्यवृंद पांगला होता. तबलजी मुलाकडे पुण्याला गेले, आणि व्हायोलिनवाल्या काकांचा, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डसाहेबांचा, हात आता थरथरतो. तेव्हा दादाने ठरवलं की वाद्यं माझा संगणक वाजवेल आणि बायका समोर उभ्या राहून गातील.

गाणं मीच लिहिलं, चालही माझीच, म्हणून हक्काने सांगते की ते सुमार होतं. विषय वाळवणाचा. गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया घातल्यात, बायका गातायत, एका पोरीला कावळे हाकलायला बसवलंय. रायपुरात गच्चीवर वाळवण घालायची सोय कधीच संपली. सिलतऱ्याकडून वारा सुटला की काळी पूड येऊन बसते आणि कुरडई तीळ लावल्यासारखी दिसते. पण मंडळात जे आता करत नाही त्याचंच गाणं करायची पद्धत आहे. चौदा बायकांपैकी तीन तरुण पोरी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आंटी, कुरडई मतलब?" मी फोनवर फोटो दाखवला.

त्या हाकलणाऱ्या पोरीच्या तोंडी चार ओळी होत्या, एकटीने गायच्या. चाल वर जाते आणि तिथे आवाज बारीक ठेवावा लागतो. त्या चार ओळी मी वहिनीला दिल्या. नातं म्हणून नाही. त्या उंचीवर न किंचाळता जाणारी दुसरी कोणी नव्हती. वहिनी वीस वर्षं समूहगानात मागच्या रांगेत, पडद्याला टेकून उभी राहत आली आहे. भंडाऱ्याच्या शांत घरातून आलेली, बारीक चणीची, बारीक आवाजाची. आमच्या घरात ती बोलली की आधी कोणाला कळत नाही आणि कळेपर्यंत विषय बदललेला असतो.

ओळी दिल्या त्या दिवशी ती वर माझ्याकडे आली. हातात भाजीची जुडी, निवडत निवडत म्हणाली, "ताई, बाकी कोनाचं मले काही नाही. पन एकडाव त्याईनं नीट आयकावं."

"कोणी, दादाने?"

"सव्वीस वर्ष झाले लग्नाले. मी गाते हे त्याईले मंडळाच्या यादीतूनच माहीत हाय. घरात गायली तं टीव्ही सुरू. इथं तं समोर बसावंच लागन ना त्याईले?"

तिने एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं असेन. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या ओळींना मी सगळी वाद्यं इतकी खाली आणीन की तुमच्या बांगड्यासुद्धा ऐकू येतील. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. सॉफ्टवेअर माझ्या हातात होतं ना.

पहिल्यांदा मी खूण लिहिली ती फक्त बासरीच्या ओळीखाली. खूण ज्याच्याखाली लिहाल त्यालाच लागू होते हे मी शाळेत मुलांना शिकवते, आणि तेच विसरले. बासरी नम्रपणे खाली आली आणि बाकीची पाच वाद्यं तिच्या डोक्यावरून धावत गेली. मग मी सगळ्यांना दोन-दोन पी लावले. पण अशी खूण पुढची खूण येईपर्यंत चालू राहते, आणि चार ओळी संपल्यावर पुन्हा एफ लिहायचं राहून गेलं. त्यामुळे वहिनी गाऊन झाली तरी उरलेलं सगळं गाणं कुजबुजत संपलं. दादा खालून ओरडला, "काय झालं? मेलं का तुझं मशीन?"

तेही सुधारलं. गाणं आता जसं हवं तसं होतं. मी दादाला बोलावून ऐकवलं. तो स्पीकरच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसला, डोळे मिटले, आणि संपल्यावर म्हणाला, "आवाज कमी हाय."

"कुठे?"

"सगळीकडे. वाढव."

"दादा, मधे मुद्दाम कमी केलाय. तिथे वहिनी गाणार आहे."

"तं तिले वाढव ना! तिलेबी वाढव, त्याईलेबी वाढव. लोक पैसे देऊन येऊन राहिले, त्याईले काय कानात सांगतं का?"

लोक पैसे देऊन येणार नव्हते. जेवण फुकट होतं म्हणून येणार होते. पण मी वाद घातला नाही, कारण सचिवाशी वाद घातला की तो कार्यकारिणी बोलावतो.

कार्यकारिणी न बोलावताच आली. आमच्याकडे लग्नात कोणाला आधी कुंकू लावलं, कोणाला टोपी-टॉवेल मिळाला आणि कोणाला नुसता टॉवेल, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. तोच हिशेब आता माझ्या मिक्सरवर मांडला गेला. गाण्यातली वाद्यं ज्यांची होती, म्हणजे जे पूर्वी ती वाजवत किंवा ज्यांच्या घरात कोणी वाजवत असे, ती माणसं एकेक करून चहाला येऊ लागली. पहिले गार्डकाका. पडद्यावरच्या व्हायोलिनच्या स्लायडरकडे बोट करून म्हणाले, "हे आमचं का?" हो म्हटल्यावर शेजारच्या बासरीच्या स्लायडरकडे बघितलं. "अन् हे वर काहून?" मी सांगितलं की बासरीचा मूळ आवाज लहान आहे, म्हणून तिचा स्लायडर वर आहे, ऐकायला दोन्ही सारखेच. काकांनी मान हलवली आणि ऐकायची तसदी न घेता म्हणाले, "ते ठीक आहे. पन दिसते कसं!"

मी व्हायोलिन वर केलं. दोन दिवसांनी अध्यक्ष आले. त्यांचे वडील सतार वाजवत. गाण्यात सतार चार ठिकाणी टिंग करते, त्यापलीकडे तिचं काम नाही. अध्यक्षांनी चहा घेतला, पोह्यांची तारीफ केली आणि निघताना दारातून म्हणाले, "बाबूजींची आठवण म्हणून थोडुशी वर घ्या." सतार वर गेली. काकांना कळलं. व्हायोलिन आणखी वर गेलं. ढोलकीच्या घरचा फोन आला. आठवड्याभरात सहाच्या सहा स्लायडर वरच्या टोकाला जाऊन टेकले आणि सगळ्यांचं समाधान झालं. सगळे टोकाला गेले म्हणजे कोणीच कोणाच्या वर नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी आणून दिलं नाही. आवाज मात्र फाटला. सगळी वाद्यं एकदम वाजली की पत्र्यावर खडी ओतल्यासारखा खरखराट यायचा. मग मी खालचा मुख्य स्लायडर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, गुपचूप अर्ध्यावर आणला. खरखर गेली. मानपान राहिला. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

वहिनीच्या ओळींखालच्या खुणांना कोणी हात लावला नव्हता, कारण सुरांखाली काही लिहिलेलं असतं हे कार्यकारिणीला माहीतच नव्हतं. एवढ्यावर मी निर्धास्त होते.

संमेलनाची जागा नवा रायपुरातलं, म्हणजे शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतलं, एक सभागृह. अध्यक्षांच्या ओळखीने मिळालं होतं. तिकडे रस्ते एवढे रुंद की समोरच्या फुटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस दिसली तर लोक वळून बघतात. आदल्या दिवशी दुपारी तालीम ठेवली. साउंडवाला भैया एरवी धुमालचं काम करणारा. त्याने माझी फाइल घेतली, एका काळ्या पेटीतून नेली, आणि वाजवली. वहिनीच्या ओळी आल्या. दोन-दोन पी लिहिलेली सहा वाद्यं पहाडासारखी उभी राहिली. वहिनीचं तोंड हलताना दिसत होतं. बाकी काही नाही.

मी धावत मागे गेले. "भैया, इथे आवाज आपोआप खाली यायला हवा. फाइलमध्ये तसं केलंय."

भैया प्रेमाने हसला. "दीदी, मशीन ह अपने आप बरोबर कर देथे. धीरे वाले ला उठाथे, जोर वाले ला दबाथे."

"ते बंद करा."

"नइ होवय दीदी. सचिव भैया बोले हें, सब बराबर आना चाही."

तीन आठवडे मी सहा वाद्यांखाली एकेक खूण लावत बसले होते, आणि एका काळ्या पेटीने ती सगळी अक्कल दोन सेकंदांत सपाट केली. दादा पहिल्या रांगेतून अंगठा दाखवत होता. मला एवढा राग आला की मी तोंड उघडलं असतं तर नातं तुटलं असतं. वहिनी स्टेजवरून उतरून आली. रडेल असं वाटलं होतं. तिने गोल बाजारातून या दिवसासाठी हिरवी साडी आणली होती, ती तालमीलाही नेसून आली होती.

"ताई," ती म्हणाली, "ते मशीन हळूले जोरात करते. मंग काहीच नसन तं?"

"म्हणजे?"

"माझ्या ओळीले वाद्यच नको ठेवू ना. काही ठेवूच नको."

मी इतकी वर्षं संगीत शिकवते आणि हे मला सुचलं नव्हतं. शून्याला किती उचलणार? घरी येऊन मी त्या आठ घरांतले, म्हणजे उभ्या रेघांमधल्या आठ चौकटींतले, सहाही वाद्यांचे सूर पुसून टाकले. पडद्यावर नुसते विराम उरले. पण यात एक धोका होता. संगणक थांबून वाट पाहत नाही. आठ घरं संपली की सहाही वाद्यं परत येणार. वहिनी मागे राहिली तर तिच्यावर येऊन आदळणार, पुढे गेली तर शांततेत उघडी पडणार. संध्याकाळभर ती स्वयंपाकघरात कणीक मळत, पायाच्या अंगठ्याने ताल धरत गात होती, आणि मी ओट्याला टेकून घड्याळ लावत होते. शेजारी टीव्ही गर्जत होता. चौदाव्या वेळी ती नेमकी आली, आणि पंधराव्या वेळीही. दादाला आम्ही काही सांगितलं नाही.

संमेलन दुपारी सुरू व्हायचं होतं, म्हणजे उन्हं कलायला लागल्यावर झालं. भाड्याच्या स्कूलबसमधून माणसं आली. भाषणं झाली. मग आमचं गाणं. पहिली दोन कडवी काळ्या पेटीच्या मर्जीने सपाट जोरात गेली, आणि मग सगळं थांबलं. त्या मोठ्या सभागृहात एकाएकी पंख्यांचा आवाज ऐकू आला. आणि वहिनी गायला लागली.

पहिल्या रांगेतून दादा ताडकन उठला. मशीन बंद पडलं अशीच त्याची खात्री झाली असणार. तो मधल्या वाटेने पळत मागे गेला आणि मागच्या भोंग्याखाली बसलेल्या भैयासमोर जाऊन ओरडला, "आवाज! आवाज वाढव बे! गेला ना आवाज!" भैयाने घाबरून हाताला लागलं ते सगळं वर सरकवलं. चालू होता तो एकटा वहिनीचा माइक. तिचा तो बारीक आवाज भोंग्यांतून निघाला आणि सभागृहभर पसरला, श्वासासकट. गार्डकाका खुर्चीत पुढे सरकले. मागे जेवणाच्या रांगेत आधीच उभी राहिलेली माणसं वळली. माझ्या अंगावर काटा आला आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. आठ घरं संपली, ती अचूक थांबली, आणि मग सहाही वाद्यं भैयाने वर सरकवलेल्या आवाजात एकदम कोसळली. एक तान्हं मूल किंचाळलं, अध्यक्षांच्या सतारीने अध्यक्षांचाच कान धरला. तरी टाळ्या पडल्या. वहिनीसाठी पडल्या. बायका येऊन तिचे हात धरत होत्या, आणि ती सगळ्यांच्या खांद्यांवरून मागे बघत होती.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता दादा मला म्हणाला, "तुझ्या कॉम्प्युटरनं इज्जत घेतली असती आज. मी धावलो म्हनून बरं. अर्धा मिनिट सगळं बंद!"

वहिनी पदर सोडवत होती. "बंद नव्हतं. मी गायली ना तवा."

"कवा?"

"तवाच. तुम्ही पळाले तवा."

"मी तं भोंग्याच्या खालीच उभा होतो," दादा म्हणाला. "काही नव्हतं."

वहिनी आत गेली. मी जिना चढले आणि वर जाऊन खूप वेळ त्याच्या नावाने बोटं मोडली. माणूस किती आपल्यातच गुंग असावा! मग सकाळी दात घासताना मला ते वाक्य पुन्हा आठवलं. भोंग्याच्या खाली उभा होतो. काही नव्हतं.

रविवार होता. पोहे झाल्यावर मी संगणक आणि हेडफोन घेऊन खाली गेले. वहिनीच्या ओळी ज्या उंचीवर होत्या त्या उंचीचे आठ सूर मी एकामागे एक लिहिले होते. पहिल्याखाली तीन पी, मग दोन, मग एक, असं चढत चढत शेवटच्याखाली तीन एफ. दादाला म्हटलं, गंमत आहे, आवाज आला की बोट वर कर. त्याने हेडफोन लावला आणि शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला. मी बटण दाबलं. पडद्यावरची उभी रेघ सुरांवरून सरकत गेली. पहिला, दुसरा, तिसरा. वहिनी हातात उलथनं धरून दारात उभी होती. पाचवा. सहावा. शेवटच्या सुराला त्याने बोट अर्धं उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "हे होतं का काही?"

मग मी तेच सूर खालच्या पट्टीत वाजवले. तिसऱ्यालाच बोट वर गेलं.

"दादा, हे किती वर्षांपासून?"

तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला. "आठ-धा वर्ष झाले असन. भट्टीवर होतेच सगळ्याले. सांगू नको कोनाले. कागदावर आलं तं गेटवर बसवते मले, रजिस्टर घेऊन." मग वायर सोडवत, "बाकी ऐकू येते. बारीक तेवढं नाही येत."

त्या घरात बारीक काय होतं ते तिघांनाही माहीत होतं.

वहिनी पुढे आली. नेहमीच्या आवाजात तिने काहीतरी विचारलं. दादा लगेच होकारार्थी मान डोलावत म्हणाला, "हव."

"काय विचारलं मी?"

तो माझ्याकडे वळला.

मी मोठ्याने त्याला सांगितलं, "ती विचारतेय, तिने काय विचारलं."

"तिचं तोंड हललं की मी हव म्हनतो," दादा माझ्याकडे बघत म्हणाला. "भांडन नाही होत."

मग वहिनी ओरडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. "बालवाडीत शिकवाले जाऊ का म्हनून विचारलं होतं, हव म्हनले! मंग आठ दिवसानं विचारता, सकाळी कुठं जातं! माय गेली तवा चार दिवस राहू का म्हनलं, हव म्हनले, अन् दुसऱ्या दिवशी न्यायले आले! मले वाटे, मानूस एक बोलते अन् एक करते! काहून नाही सांगतलं मले?" दादा एकेक वाक्य ऐकत होता. खरंच ऐकत होता, ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना दिसत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. दहा वर्षं मी या माणसाची टर उडवली, त्याच्या आवाजाचे किस्से केले. कान तयार असल्याची मिजास माझी, आणि खालच्या मजल्यावर काय चाललंय ते मला ऐकू आलं नव्हतं.

"वाढव वाढव म्हनत होतो ना मी," दादा हळूच म्हणाला. "मले वाटलं, तुझी पाळी आली की येईन ऐकू."

वहिनीने उलथनं टेबलावर ठेवलं. पदर खोचला, त्याच्या खुर्चीशी गेली, कानापाशी वाकली, आणि त्या चार ओळी गायला लागली. वरच्या पट्टीत नाही. बोट कुठे वर गेलं ते तिने दारातून पाहिलं होतं. तिने चाल खाली, पार पुरुषी पट्टीत आणली, जिथे तिचा आवाज कधी गेलाच नव्हता. तो घोगरा झाला, फाटला, सूर तर कुठल्या कुठे गेला. पहिल्या ओळीला दादाने हात वर केला.

"कावळे?" तो म्हणाला. "कावळे म्हनलं का तू?"

"कावळे!"

"मंग? मंग काय होते?"

तिने दुसरी ओळ घेतली. गाणं माझं, चाल माझी, आणि इतकं बेसूर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आठ घरांच्या त्या चार ओळी संपायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक दोन शब्दांनंतर तो "काय?" विचारत होता आणि ती दर वेळी, आधीपेक्षा जोरात, पुन्हा गात होती.